खाणावळीची वही : गिरणगावाने माणसं कशी धरून ठेवली

ज्यांना हेडफोन लावून अर्धा तास ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे घसरलं ते थोडं नीट केलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय तसा मोठा आहे. आयुष्याला अर्थ कशामुळे येतो? घाबरू नका, प्रवचन नाहीये. आपण इतिहासच बघणार आहोत.

या प्रश्नावर कुठलाही पॉडकास्ट लावा, पाचव्या मिनिटाला हार्वर्डचा अभ्यास येतोच. आपणही तो उरकून घेऊ. १९३८ साली अमेरिकेत एक अभ्यास सुरू झाला. हार्वर्डचे २६८ विद्यार्थी घेतले, आणि पुढे त्यात बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं जोडली गेली. ही ७२४ माणसं आयुष्यभर काय करतात, कशी जगतात, कशाने आजारी पडतात, याची नोंद ठेवली. निष्कर्ष तुम्हाला माहीत असेल : पैसा आणि प्रसिद्धीपेक्षा जवळची नाती माणसाला जास्त सुखी आणि जास्त निरोगी ठेवतात.

ठीक आहे, मान्य. पण मला हे ऐकल्यावर नेहमी एक प्रश्न पडतो. नाती महत्त्वाची आहेत हे कळलं, पण ती तयार कशी होतात? मी इंजिनिअर माणूस. मला आउटपुट सांगितलं की आत काय चाललंय ते बघावंसं वाटतं. आणि त्यासाठी माझ्या मते बॉस्टनपेक्षा लालबाग-परळ जास्त उपयोगाचं आहे.

एका खोलीत वीस-पंचवीस जण

मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली कावसजी नानाभाई दावर यांनी. १८५४ मध्ये कंपनी उभी राहिली, १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांगच लागली. परळ, लालबाग, वरळी, शिवडी, नायगाव, भायखळा या सगळ्या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणू लागले.

कामगार आले कुठून? कोकणातून, म्हणजे मुख्यतः तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. आणि घाटावरून, म्हणजे सातारा, कोल्हापूर, पुणे या भागातून. बहुतेक पुरुष एकटे यायचे. बायको-पोरं, आईवडील, जमिनीचा तुकडा सगळं गावाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना बघितल्या तर मुंबईत पुरुषांच्या मानाने बायका निम्म्याच्या आसपास होत्या. म्हणजे शहर भरलेलं होतं, पण ते घर सोडून आलेल्या पुरुषांनी.

ही माणसं राहायची कुठे? चाळीतल्या गाळ्यात. गाळा म्हणजे एक खोली. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची. अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. आणि अनेक गाळे एका माणसाचे नसायचेच, ते गावाचे असायचे. एका गावची माणसं मिळून गाळा चालवायची, भाडं वाटून घ्यायची. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, कधी त्याहून जास्त. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक पथारी. सगळे एका वेळी झोपणं शक्यच नव्हतं, पण गिरणी पाळ्यांमध्ये चालायची. रात्रपाळीचा माणूस सकाळी यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची जागा मोकळी झालेली असायची.

आता इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सुंदर नव्हतं. मला अजिबात असं म्हणायचं नाही की "किती छान, सगळे एकत्र राहायचे!" क्षयरोग होता, घाण होती, एका नळावर अख्खी चाळ होती. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा या वस्त्याही होरपळल्या आणि हजारो कामगार गावाकडे पळाले. आपल्यापैकी कुणालाही त्या गाळ्यात चार दिवस राहायला सांगितलं तर पाचव्या दिवशी आपण ब्रोकरला फोन करू.

पण त्या गाळ्यात नाव नोंदलेला माणूस एकटा पडत नव्हता. का, ते बघू.

ओळख ही चैन नव्हती

गिरणीत काम मिळायचं ते ओळखीने. जॉबर किंवा मुकादम कामगार भरायचा, आणि तो आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या, आपल्या नात्यातल्या माणसाला आधी घ्यायचा. कायम नोकरी नसेल तर तुम्ही बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत. नसेल तर घरी. महिन्यात पंधरा दिवस काम मिळेल की पाच दिवस, काही सांगता यायचं नाही.

अशा माणसाला भाडं कोण सांभाळून घेणार? आजारी पडला तर गावाला कोण पोचवणार? मनीऑर्डर करायला पैसे कमी पडले तर कोण देणार? गाळ्यातलीच माणसं. गावकीची मंडळं वर्गणी काढायची आणि त्यातून अडीअडचणीला पैसे द्यायची. गावातलं देऊळ, शाळा, विहीर यांनाही मुंबईहून पैसा जायचा.

म्हणजे इथे नातं प्रेमातून सुरू होत नव्हतं, गरजेतून व्हायचं. प्रेम आलंच तर मागाहून. रोज त्याच माणसांबरोबर जेवायचं, त्याच माणसांबरोबर भजनाला बसायचं, गणपतीत नाचायचं, कबड्डीच्या संघात खेळायचं, पगार झाला की तमाशाला नाही तर परळच्या दामोदर हॉलला नाटकाला जायचं. वीस वर्षं असं चाललं की ती माणसं तुमचं आयुष्य होऊन जातात, ठरवावं लागत नाही.

आणि यासाठी वेळ लागतो बरं का. तो वेळही भांडून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. त्यांची एक मुख्य मागणी होती आठवड्याची सुट्टी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवार गृहीत धरतो. पण भजनी मंडळ, आखाडा, गावकीची बैठक, मित्राच्या खोलीवर जाऊन बसणं हे सगळं त्या एका दिवसावर उभं राहिलं. नात्याला मोकळा वेळ लागतो, आणि गिरणगावातल्या माणसांना तो संघटनेने मिळवून दिला.

वहीतलं नाव

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. खाणावळ.

गाळ्यात पंचवीस पुरुष, स्वयंपाक कोण करणार? चाळीतलीच एखादी बाई. बहुतेकदा तिचा नवरा गिरणीत, कधी नोकरी गेलेला, कधी दारूत बुडालेला, कधी ती विधवा. घरातल्या एकाच खोलीत चूल, तिथेच तिची मुलं, आणि तिथेच दहा-वीस माणसांचं दोन वेळचं जेवण. सकाळच्या पाळीची माणसं कामाला जायच्या आधी भाकऱ्या तयार हव्यात, म्हणजे पहाटे उठायचं. मग पुढच्या पाळीची पंगत, मग रात्रीची.

आणि हिशोब? महिन्याचा. माणूस रोज जेवायचा आणि पगार झाला की पैसे द्यायचा. वहीत नाव असायचं. आज जेवला, आज नाही, गावाला गेला, परत आला.

या वहीचा मी बराच विचार केला. एकीकडे तो निव्वळ धंदा आहे. पण दुसरीकडे बघा, या शहरात एक बाई आहे जिला रोज कळतं की तुम्ही जेवायला आलात की नाही. दोन दिवस आला नाहीत तर ती विचारणार. कारण तिचे पैसे अडकलेत म्हणून विचारणार, आणि तुमचं काय झालं म्हणूनही विचारणार. दोन्ही खरं. कुठलं कारण पहिलं आणि कुठलं दुसरं हे वेगळं काढता येत नाही, आणि मला वाटतं काढायची गरजही नाही. तिला मावशी म्हणायचे, काकी म्हणायचे, वैनी म्हणायचे. त्या हाकेला त्या वहीचा आधार होता.

आता आपलं बघा. मी कामासाठी शहरात आलो तेव्हा चार जण मिळून फ्लॅट घेतला. चौघंही इंजिनिअर, चांगली मुलं. रात्री साडेनऊला चार वेगवेगळे डिलिव्हरीवाले खाली यायचे. चार पिशव्या, चार खोल्या, चार स्क्रीन. भाडं, लाइट बिल, इंटरनेट सगळं ॲपवर, पैशापैशाचा हिशोब, लगेच चुकता. कुणी कुणाचं काही लागत नव्हतं. भांडण नाही, त्रास नाही. आणि कुणी तीन दिवस खोलीबाहेर आला नाही तरी विचारायचं काही कारणही नाही.

उधारी वाईट असं आपल्याला शिकवलंय, आणि बऱ्याच अंशी ते बरोबर आहे. पण हिशोब त्या क्षणी मिटला की माणसाचंही काम मिटतं. खाणावळीत हिशोब महिनाभर उघडा राहायचा, आणि तेवढा काळ दोन माणसं एकमेकांना बांधलेली असायची.

या वस्तीतलं आणखी एक नाव घेतो. कवी नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला १९२६च्या सुमारास एक बेवारस तान्हं मूल सापडलं. त्याने आणि त्याच्या बायकोने, काशीबाईने, ते वाढवलं. आपलं आडनाव दिलं. दोघंही कष्टकरी, खिशात पैसा नाही, खोली केवढी ते वर सांगितलंच. तो मुलगा पुढे शिपाई झाला, मग महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाला, आणि 'माझे विद्यापीठ' हा त्याचा कवितासंग्रह मराठीत कायमचा राहिला. एका कामगाराने एका मुलाला आपलं नाव लावलं, आणि त्या नावाने पुढे अख्ख्या गिरणगावाला आवाज दिला.

ज्यांचं नाव वहीत नव्हतं

हे सगळं सांगताना एक गोष्ट गाळली तर तो खोटेपणा होईल. हीच नाती माणसांना बाहेरही ठेवत होती.

गाळा गावचा, म्हणजे बहुतेकदा जातीचाही. खाणावळ जातीची. आणि गिरणीच्या आत? विणकाम खात्यात पगार चांगला असायचा, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. सवर्ण कामगार म्हणायचे, यांनी तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडात कसा धरायचा? १९२८ मध्ये लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मालकाविरुद्ध एकजुटीची भाषा करणाऱ्यांना त्यांनी सरळ विचारलं की तुमच्या एकजुटीत आमची माणसं आहेत का.

म्हणून "आपली माणसं" हा शब्द मी जपून वापरतो. आपली म्हणजे कोण, हे कुणी ठरवलं, ते आधी बघावं लागतं.

संप आणि बिल

आता कसोटीचा प्रसंग. १९७३-७४ चा संप. कॉम्रेड डांग्यांच्या नेतृत्वाखालचा हा संप सुमारे ४२ दिवस चालला. पगार बंद.

कामगार संपावर गेला तरी भूक संपावर जात नाही. खाणावळवाल्या बायकांनी काय केलं? जेवण चालू ठेवलं. वहीत लिहीत राहिल्या. रोज जेवणाऱ्या माणसाला ताटावरून कसं उठवणार? आणि उठवलं तर संप मोडणार, हेही त्यांना कळत होतं.

पण तांदूळ, पीठ, रॉकेल यांना पैसे लागतात. वाणी काही संपावर नव्हता. या बायकांनी त्याची उधारी वाढवली, सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेतले, अंगावरचं किडूकमिडूक गहाण टाकलं. संप संपला, कामगार कामावर गेले, आणि बायकांच्या डोक्यावर कर्ज राहिलं. इतिहासाच्या पुस्तकात संपाचं नेतृत्व, मागण्या, वाटाघाटी असतात. भाकरीचं बिल कुणी भरलं ते सहसा नसतं.

या भागासाठी वाचताना मी सगळ्यात जास्त इथे अडकलो. आपण म्हणतो माणसांनी माणसांना धरून ठेवलं. पण धरून ठेवायला खर्च येतो. पैशाचा, झोपेचा, कष्टाचा. आणि आपल्याकडे तो खर्च ठरलेल्या माणसांच्याच नावावर जातो. त्या काळी खाणावळवाल्यांच्या. आज? तुमच्या घरात सगळ्यांचे वाढदिवस कोण लक्षात ठेवतं, आजारी आत्याला फोन कोण करतं, दिवाळीला सगळ्यांना एकत्र कोण आणतं, याचा विचार करा. नव्वद टक्के घरांत उत्तर एकच येईल, आणि ती आत्ता स्वयंपाकघरात असेल.

हे ज्यांनी ओळखलं त्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तिलढ्यातून मुंबईत आलेल्या, डाव्या कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे नेते. प्रेमाताईंनी या बायकांना गाठलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं असं सरकारचं धोरण होतं. मग खाणावळवालीला का नाही? तिचा धंदा तर रोजचा आहे, गिऱ्हाईक ठरलेलं आहे. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पहिल्या तुकडीत १४ बायका होत्या. प्रत्येकीला दीड हजार रुपयांचं कर्ज मिळालं.

बँकेला तारण हवं असतं. या बायकांकडे होतं काय? एकमेकींची ओळख. कोण कशी आहे, कुणाकडे किती माणसं जेवतात, कोण पैसे बुडवणार नाही, हे चाळीतल्या बायकांइतकं कुणाला माहीत असणार? त्याच एकमेकींसाठी उभ्या राहिल्या. सावकाराच्या तावडीतून सुटल्या. पुढे मंडळ वाढत गेलं, दादरला आणि वाशीला केंद्रं झाली. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

मला यातली गोष्ट अशी दिसते. तोपर्यंत प्रत्येक खाणावळवाली पंचवीस माणसांना बांधलेली होती, पण दुसऱ्या खाणावळवालीला नाही. प्रत्येकीची वही वेगळी, प्रत्येकीचं कर्ज वेगळं, प्रत्येकीचं रडणं वेगळं. मंडळाने त्या वह्या एकत्र आणल्या. सगळ्यांना सांभाळणाऱ्या बायकांना पहिल्यांदा कुणीतरी सांभाळणारं मिळालं, आणि त्या कुणीतरी म्हणजे त्याच होत्या.

नंतर

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अनेकजण गावाला परतले, कारण गावाशी नातं तुटलेलं नव्हतं, तिथे निदान भात होता. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत तुमच्यापैकी काहीजण रोज जात असाल. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलात तर अजून एखादी चिमणी दिसेल.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांचं बोलणं टिपून एक मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. जमलं तर वाचा. पगार गेला हे दुःख त्यात आहेच. पण गिरणीबरोबर अख्खी वस्ती, तिचे मेळे, तिची मंडळं, तिची माणसं विखुरली, हेही त्यात सतत जाणवत राहतं. भरपाई मोजताना पगार धरता येतो. रोज संध्याकाळी नाक्यावर भेटणारी माणसं कशी धरणार?

मग आपण काय करायचं? परत गाळ्यात जाऊन राहायचं? नाही हो. मला माझी स्वतंत्र खोली आवडते, आणि जातीवर चालणारी खाणावळ मला नको. पण त्या वस्तीकडून दोन गोष्टी घेता येतील असं वाटतं.

एक, नातं भावनेची वाट बघत बसत नाही. त्याला ठरलेली वेळ आणि ठरलेलं काम लागतं. आठवड्यातून एक दिवस एकत्र स्वयंपाक, एखादी भिशी, मंगळवारचं फुटबॉल, सोसायटीच्या गणपतीचं वर्गणी-पुस्तक. छोटं चालेल, पण तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. आयुष्याला अर्थ आहे की नाही हा प्रश्न रात्री दोनला एकट्याने सोडवायला घेतला की सुटत नाही. कुणाच्या तरी वहीत आपलं नाव असलं की तो तेवढा छळतही नाही.

दोन, बिल कोण भरतंय ते बघा. तुमच्या घोळक्यात, घरात, ऑफिसात सगळ्यांना जोडून ठेवणारं जे कोणी एक माणूस आहे, त्याच्या वहीत तुमची बाकी किती आहे?

या आठवड्याचं काम : घरात किंवा ओळखीत कुणी गिरणीत होतं का, ते विचारा. असेल तर ते कुठे राहायचे हे विचारून थांबू नका. जेवायला कुणाकडे जायचे, ते विचारा. त्या बाईचं नाव आठवत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला ती नावं मी वाचून दाखवणार आहे.

भेटू पुढच्या रविवारी. तो लोखंड्यांनी मिळवून दिलाय, वाया घालवू नका.